घर बुक करण्याआधीपासून ताब्यानंतरपर्यंत: रेरा कायदा आपल्या व्यवहारात लागू कसा करून घ्यायचा

महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्याच्या बाजूचा कायदा १९६३ पासून आहे. सगळे त्याला मोफा म्हणतात. बिल्डरने नोंदणीकृत करारनामा करावा, घेतलेल्या पैशांचा हिशेब ठेवावा, सोसायटी स्थापन करून द्यावी, जमीन सोसायटीच्या नावावर करावी, हे सगळं त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. तरीही कितीतरी जुन्या सोसायट्यांच्या मिळकत पत्रिकेवर आजही मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचंच नाव आहे. हक्क होते, पण ते बजावून घ्यायला दार ठोठवावं असं एक ठिकाण नव्हतं. २०१२ मध्ये राज्याने गृहनिर्माण नियामकासाठी वेगळा कायदा केला, २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याचा ग्राहकाला काही उपयोग होण्याआधीच केंद्राच्या कायद्याने तो रद्द केला.

केंद्राचा तो कायदा म्हणजे रेरा, स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा. संसदेने तो मार्च २०१६ मध्ये मंजूर केला, काही कलमं १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून लागू झाली. ज्यांचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र आलेलं नव्हतं अशा चालू प्रकल्पांनाही तीन महिन्यांत नोंदणी करायला लावली. बिल्डर कोर्टात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालू प्रकल्पांनाही हा कायदा लागू असल्याचं ठामपणे सांगितलं.

म्हणजे राजपत्रात कायदा लागू आहे. पण तुमच्या बुकिंगच्या टेबलावर तो आपोआप येऊन बसत नाही. पहिल्यांदा घर घेणारी माणसं बहुतेक वेळा कायद्याकडे वळतात ती ताबा रखडल्यावर, तोवर नव्वद टक्के पैसे गेलेले असतात. माझं सांगणं एवढंच आहे की या कायद्यातली सर्वांत उपयोगी कलमं पैसे देण्याच्या आधी वापरायची आहेत. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. ज्या टप्प्यावर असाल तिथून वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल.

आधी बघा, तुमचं घर कोणत्या कायद्यात बसतं

जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. जुन्या इमारतीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट आणि रेरा येण्याआधीच भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) मिळालेली इमारत यांचीही नोंदणी बहुधा दिसणार नाही. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेत असाल तर रेराचा संबंध येत नाही, तिथे ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

बाकी सगळ्यांनी पुढे चला.

पायरी १: नोंदणी क्रमांक मिळाला, आता त्याच्या आत शिरा

नोंदणीशिवाय जाहिरात करायला, बुकिंग घ्यायला, विकायला बंदी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोडही असावा लागतो. तो स्कॅन केला की महारेराच्या, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरचं प्रकल्पाचं पान उघडतं. इथवर बरेच जण येतात, हिरवा शिक्का बघितल्यासारखं समाधान मानतात आणि पान बंद करतात. खरं काम इथून सुरू होतं.

सगळ्यात आधी प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी शेजारी ठेवा. मुदतवाढ घेतलेली असेल तर किती वेळा आणि का, हे सेल्स ऑफिसमध्ये विचारा. मग न्यायप्रविष्ट वादांचा आणि बोजांचा रकाना उघडा. जमिनीवर किंवा प्रकल्पावर कर्ज असणं हा गुन्हा नाही, पण तसं असेल तर तुमच्या फ्लॅटसाठी त्या वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र लागेल, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर फॉर्म १, २ आणि ३ डाउनलोड करा. फॉर्म १ आर्किटेक्टचा, २ इंजिनीअरचा, ३ सीएचा. वेगळ्या खात्यातून पैसे काढायचे तर बिल्डरला ही प्रमाणपत्रं लागतात. या कायद्याचा सर्वांत ताकदवान भाग तोच आहे: ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर आणि जमिनीवरच खर्च करायचे, आणि काम जेवढं पुढे गेलं त्या प्रमाणातच काढायचे. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत गुंतवायचे आणि पहिला प्रकल्प रखडवायचा, या जुन्या पद्धतीला लगाम घालायला हे कलम आलं.

फॉर्म १ मध्ये खोदकाम, जोतं, स्लॅब, भिंती, प्लास्टर अशा प्रत्येक कामाची टक्केवारी दिलेली असते. ती घेऊन साइटवर जा आणि स्लॅब मोजा. प्रमाणपत्रात बारा स्लॅब आणि समोर नऊ दिसत असतील, तर पुढे काही बघायची गरज नाही. कागद जुना असल्याने साइट पुढे गेलेली दिसेल, ते ठीक. उलटं असता कामा नये.

फॉर्म ३ वाचायला थोडा किचकट आहे, पण तासभर खर्च करा. त्यात तीन आकडे शोधायचे: प्रकल्प पूर्ण करायला अजून लागणारा खर्च, विकलेल्या फ्लॅटधारकांकडून यायची बाकी, आणि न विकलेल्या फ्लॅटची अंदाजे किंमत. दुसरा आणि तिसरा आकडा मिळवा. ही बेरीज पहिल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर सगळे फ्लॅट विकले जाऊनही इमारत पूर्ण करायला पैसे कमी पडणार आहेत. अशा वेळी ७० ऐवजी १०० टक्के रक्कम त्या खात्यात ठेवावी लागते, असं तो फॉर्मच सांगतो. बेरीज जेमतेम जास्त असेल आणि तिच्यातला मोठा वाटा न विकलेल्या फ्लॅटचा असेल, तर तुमचं घर पुढच्या विक्रीच्या भरवशावर उभं राहणार आहे हे समजून घ्या.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रं तयार केली गेली, ती जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली, नोंदणी बघून लोकांनी फ्लॅट घेतले, बँकांनी कर्जं दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या कुटुंबांनी नोंदणी क्रमांक तपासलेला होता. तपासायचं राहिलं होतं ते त्या क्रमांकामागचं परवानगीपत्र.

म्हणून पानावरचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, डाउनलोड करून त्याचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात जा. ऑनलाइन परवानग्या देणाऱ्या महापालिकांच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकूनही बघता येतो. जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. सीसी किती मजल्यांपर्यंत आहे तेही वाचा. मंजूर नकाशात वीस मजले पण सीसी बाराव्या मजल्यापर्यंतच, आणि तुम्हाला दाखवताहेत सतराव्यावरचा फ्लॅट, असं सर्रास घडतं. वरच्या मजल्यांची सीसी येईपर्यंत तो फ्लॅट कागदावरच आहे.

जमिनीच्या मालकीसाठी पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो. तो बिल्डरच्या वकिलाने दिलेला असतो, त्यामुळे स्वतःचा वकील लावून सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, विकसन करार आणि तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च करून घ्या. घराच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

पायरी २: बुकिंगला किती द्यायचे

नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. कलम १३. मोफामध्ये ही मर्यादा २० टक्के होती. ८० लाखांचा फ्लॅट असेल तर करारनामा होईपर्यंत जास्तीत जास्त ८ लाख. "आज वीस टक्के भरा, दर कमी करून देतो" हे आमिष कितीही गोड वाटलं तरी कायद्याने ते बसत नाही.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या आणि अलॉटमेंट लेटर घ्या. त्यात फ्लॅट नंबर, मजला, चटई क्षेत्र, एकूण किंमत, ताब्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती कापणार, हे सगळं असलं पाहिजे. नुसती पावती किंवा 'एक्सप्रेशन ऑफ इंटरेस्ट' नावाचा कागद घेऊन घरी येऊ नका. नंतर गृहकर्ज नामंजूर झालं तर हा रद्द करण्याचा तपशीलच तुमचे पैसे वाचवतो.

त्याच दिवशी ब्रोशर, जाहिरातीचं कात्रण, सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज, सॅम्पल फ्लॅटचे फोटो जपून ठेवा. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून तुम्ही पैसे भरले आणि ते दाखवणं खोटं निघालं, तर कलम १२ प्रमाणे भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. तोंडी आश्वासन मिळालं असेल तर घरी येऊन ईमेल करा: "आज झालेल्या बोलण्यानुसार स्विमिंग पूल आणि क्लब हाउस ताब्याच्या वेळी तयार असेल असं आपण सांगितलंत." उत्तर आलं नाही तरी तो ईमेल तारखेसकट तुमच्याकडे राहतो.

पायरी ३: करारनामा वाचणे

मसुदा आधी मागा. सही करायच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात शंभर पानं हातात पडली तर कोणीही वाचू शकत नाही. महाराष्ट्राच्या नियमांमध्ये आदर्श करारनामा दिलेला आहे. तो उतरवून घ्या आणि बिल्डरच्या मसुद्याशेजारी ठेवून वाचा. जिथे बदल केलाय, तिथेच बहुतेक वेळा मेख असते. पुढच्या गोष्टी तर डोळ्यांत तेल घालून बघायच्या.

चटई क्षेत्र. किंमत त्यावरच ठरली पाहिजे. कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, खासगी बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. बिल्टअप, सुपर बिल्टअप असे शब्द सेल्स ऑफिसात ऐकू येतील, करारनाम्यात ते नकोत. प्रत्यक्ष मोजणीत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. ६०० चौरस फुटांच्या घरात ५८२ पर्यंत. त्याहून कमी निघालं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत मिळायला हवेत.

ताब्याची तारीख. तारीखच लिहिलेली हवी. "सर्व परवानग्या मिळाल्यापासून ३६ महिने" असं वाक्य चालणार नाही, कारण ते कधीच सुरू होत नाही. बिल्डरने नंतर महारेराकडून मुदतवाढ घेतली म्हणून तुमच्या करारातली तारीख पुढे सरकत नाही. उशीर करारनाम्यातल्या तारखेपासूनच मोजायचा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्याच निकालात सांगितलं आहे. 'फोर्स मॅज्युअर'मध्ये, म्हणजे उशीर माफ होतो अशा आवाक्याबाहेरच्या आपत्तींमध्ये, युद्ध, पूर, भूकंप अशा गोष्टी येतात. मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागलं, पालिकेने उशीर केला, अशी यादी तिथे घुसडलेली असेल तर काढायला लावा.

व्याज. महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा आधारभूत दर) २ टक्के, हा दर आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच. तुम्ही हप्ता उशिरा भरला तर व्याज तुम्ही द्यायचं, त्यांनी ताबा उशिरा दिला तर त्यांनी. तुमच्याकडून २१ टक्के आणि तुम्हाला मात्र चौरस फुटाला पाच रुपये, अशी जुनी कलमं आजही काही मसुद्यांत दिसतात.

पार्किंग. उघड्या जागेतलं पार्किंग ही सामाईक जागा आहे, ती विकता येत नाही. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांच्या मधलं, पार्किंग स्वतंत्र फ्लॅटसारखं विकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोफाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं. तुम्हाला कव्हर्ड पार्किंग देत असतील तर त्याचा क्रमांक, लांबी-रुंदी-उंची करारनाम्याला जोडून घ्या. गाडी आत जाते पण दार उघडत नाही, अशा पार्किंगच्या तक्रारी काही थोड्या नाहीत.

नकाशातले बदल. तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायला तुमची संमती लागते, इमारतीच्या आराखड्यात किंवा सामाईक जागांत बदल करायला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. करारनाम्यात "पुढील सर्व बदलांना खरेदीदाराची आत्ताच संमती आहे" असं आगाऊ लिहून घेतलेलं असतं. हे वाक्य खोडायला लावा. बिल्डर सहजासहजी खोडणार नाही, तरीही लेखी हरकत नोंदवा.

मुद्रांक शुल्क भरून नोंदणी झाली की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, काढून घ्या. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात दर हप्त्याला १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या नावे भरायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी तुमची आहे, ती विसरू नका.

पायरी ४: हप्ते

आदर्श करारनाम्यात हप्त्यांची कमाल मर्यादा बांधकामाला जोडलेली आहे. करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतलं प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग आणि जिने-लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वीज झाल्यावर ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा घेताना.

८० लाखांच्या फ्लॅटचं गणित करून बघा. वीस स्लॅबची इमारत असेल आणि जोत्यापासून शेवटच्या स्लॅबपर्यंतचे २५ टक्के सारखे वाटले, तर दर स्लॅबला सव्वा टक्का, म्हणजे १ लाख रुपये. नववा स्लॅब पडला तेव्हा एकूण भरणा ४५ लाखांच्या आसपास असायला हवा. त्या वेळी ५६ लाखांचं मागणीपत्र आलं, तर बिल्डर तुमचे ११ लाख आगाऊ मागतोय. पत्रासोबत आर्किटेक्टचं प्रमाणपत्र मागा, साइटचा तारखेसह फोटो काढा, आणि मगच बँकेला रक्कम सोडायला सांगा. बँकेचा माणूस बघून गेलाय म्हणजे तपासणी झाली, असं धरून चालू नका.

मात्र रागाच्या भरात हप्ते बंद करू नका. वेळेवर पैसे भरणं हे कायद्याने तुमचंही कर्तव्य आहे, आणि तीन हप्ते थकले की १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करायची सोय आदर्श करारनाम्यातच आहे. हरकत असेल तर ती लेखी घ्या, वादात नसलेली रक्कम भरा.

पायरी ५: ताबा

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका. "फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी पंधरा दिवसांत येतेय" असं म्हणून ताबापत्रावर सही घेतली जाते आणि मग अधिकृत पाणी जोडणी नसल्याने वर्षानुवर्षं टँकर मागवत बसावं लागतं. ओसी आल्यावर मात्र दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो.

चावी घेण्याआधी घर मोजा. सगळे नळ एकदम सोडून बघा, बाथरूममध्ये पाणी साठवून खालच्या घराचं छत दुसऱ्या दिवशी पाहा, खिडक्यांच्या चौकटींभोवती ओल शोधा. त्रुटींची यादी दोन प्रतींत करून साइट इंजिनीअरची सही घ्या. ताबापत्रात "माझी कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असतं. त्यावर "सोबतच्या यादीतील त्रुटी वगळून" असं हाताने लिहून मग सही करा.

ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. तुम्ही बाथरूमची फरशी उखडून पाइप हलवले असतील तर गळतीचा दोष तुमच्या माथी येतो. त्यामुळे इंटिरिअरवाल्याला पाइपलाइन आणि वॉटरप्रूफिंगला हात लावू देण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी ६: ताबा रखडला

कलम १८ तुम्हाला दोन वाटा देतं. व्यवहारातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत घ्यायची, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. निवड तुमची असते, बिल्डरची नाही. ताबा वेळेत मिळाला नाही तर परतावा मागण्याचा हक्क विनाअट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. कोणती वाट धरायची हे ठरवताना भावनेपेक्षा साइट बघा. इमारत ऐंशी टक्के उभी असेल आणि त्या भागातले भाव वाढले असतील, तर राहून व्याज घेणं शहाणपणाचं. दोन वर्षं एकही वीट हललेली नसेल तर बाहेर पडा. ४५ लाख भरलेत आणि दर ११ टक्के धरला, तर महिन्याचं व्याज साधारण ४१ हजार होतं. भाडं आणि ईएमआय एकाच वेळी भरणाऱ्या घराला हा मोठा आधार असतो, म्हणून तो मागायला संकोच करू नका.

तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते, शुल्क ५ हजार रुपये आहे. वकील हवाच असं नाही. अर्जाला तारखांचा एक पानी तक्ता जोडा: बुकिंग, करारनामा, प्रत्येक हप्ता, ठरलेली ताब्याची तारीख, पाठवलेली पत्रं. त्याच क्रमाने कागद लावा. मागणी नेमकी लिहा. "योग्य तो न्याय मिळावा" असं लिहिलं तर आदेशही मोघम येतो. "अमुक तारखेपासून, अमुक रकमेवर, नियमांप्रमाणे व्याज" असं लिहा. एकाच इमारतीतल्या दहा जणांनी एकसारख्या तक्त्याने तक्रारी केल्या तर सगळ्यांचंच काम सोपं होतं.

दोन्ही बाजू तयार असतील तर महारेराच्या सलोखा मंचाकडेही जाता येतं. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवतात. बिल्डर चालू अवस्थेत असेल आणि वाद व्याजाच्या किंवा कामाच्या दर्जाच्या प्रश्नावर असेल, तर हा मार्ग मला सगळ्यात आधी करून बघण्यासारखा वाटतो. बिल्डर कर्जात बुडालेला असेल तर तिथे वेळ घालवू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. रेरा आला म्हणून तो बंद झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. दोन्हीकडे एकाच मागणीसाठी जाता येत नाही, एक निवडावं लागतं. मानसिक त्रासाची भरपाई हा तुमचा मुख्य मुद्दा असेल तर आयोग, परतावा किंवा व्याज हवं असेल तर महारेरा, असा माझा कल आहे.

पायरी ७: आदेश आला, पैसे आले नाहीत

इथे खूप जण खचतात. आदेशाची मुदत उलटली की पालन झालं नाही असा अर्ज महारेराकडे करा. रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यासाठी वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून तहसीलदारांकडे. पुढचा पाठपुरावा तुम्हीच करायचा असतो. तहसीलदारांना जप्तीसाठी मालमत्ता दाखवावी लागते, म्हणून बिल्डरचे न विकलेले फ्लॅट महारेराच्या पानावरून शोधा, त्याच्या इतर जमिनींचे सात-बारा काढा आणि ती यादी वॉरंटच्या क्रमांकासह स्वतः नेऊन द्या. पोच घ्या. बिल्डर अपिलात गेला तर तुम्हाला द्यायची रक्कम व्याजासह त्याने अपील न्यायाधिकरणात आधी भरावी लागते. ती भरली आहे का, हे पहिल्याच तारखेला विचारा.

सोसायटी आणि जमीन

५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत बिल्डरने सोसायटी नोंदणीसाठी अर्ज करायचा आहे. तो करत नसेल तर फ्लॅटधारक एकत्र येऊन उपनिबंधकांकडे जाऊ शकतात. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, होत नसेल तर मोफाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, त्याला बिल्डरची सही लागत नाही. ताबा मिळाल्यावर लोक रंगकाम आणि पडद्यांत गुंततात आणि हे काम मागे पडतं. पुढे पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा कळतं की जमीन आपल्या नावावर नाही.

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांसाठी

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे धरलेली आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. ठेकेदाराने काम अर्धवट सोडलं, निकृष्ट केलं, पैसे घेऊन गायब झाला, तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ठेकेदाराला मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

अडचण अशी की बहुतेक ठेके तोंडी असतात, किंवा वहीच्या पानावर "चौरस फुटाला इतके" एवढंच लिहिलेलं असतं. दर फक्त मजुरीचा की मालासह, क्षेत्र कसं मोजायचं, छज्जे आणि पाण्याची टाकी त्यात धरली का, सिमेंट-सळई कोणत्या दर्जाची, काम किती महिन्यांत, हप्ता कोणत्या कामानंतर, हे पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत मागे ठेवा आणि तसं करारातच लिहा. स्लॅब ओतताना काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, भरून घ्या आणि ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेतून तपासा. एम-२० ग्रेडचं काँक्रीट असेल तर २८ दिवसांनी त्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटनच्या खाली येता कामा नये.

काम बिघडलंच, तर दुरुस्ती करून घेण्याआधी बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या, आणि त्या दिवशी ठेकेदाराला हजर राहायला लेखी कळवा. भेगा बुजवून रंग दिल्यावर आयोगापुढे दाखवायला काही उरत नाही.